रांजणातून बाहेर: हॅम रेडिओवरचा आपला आवाज कसा सुधारावा

“फाइव्ह नाइन, सिग्नल खणखणीत आहे. पण एक विचारू का? रांजणात तोंड घालून बोलतेयस का?”

रविवारी सकाळी फोर्टी मीटरच्या नेटवर (सात मेगाहर्ट्झच्या पट्टीवर हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले, ठरल्या वेळी जमतात तिथे), सगळ्यांच्या देखत, सातारच्या एका काकांनी मला हा प्रश्न विचारला. तोवर वर्षभर ज्याच्या त्याच्याकडून ‘फाइव्ह नाइन, मॉड्युलेशन एकदम छान’ एवढंच ऐकत आले होते. कुणाकडे जेवायला गेल्यावर आमटी खारट झालीय असं आपण सांगत नाही, तसलाच हा प्रकार. शिवाय ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे शब्द किती कळतात (पाच) आणि सिग्नल किती जोरदार आहे (नऊ), एवढ्याचाच रिपोर्ट. आवाज कानाला कसा लागतो, याबद्दल त्यात काहीच नसतं.

काकांचं बोलणं लागलं आणि मी उपाय सुरू केले ते नेमके उलट्या टोकाकडून. आधी रिगच्या (रेडिओ सेटच्या) मेन्यूत जाऊन ट्रेबल वाढवला. आवाज रांजणातून निघाला आणि पत्र्याच्या डब्यात जाऊन बसला. मग आवाज दाबून भरीव करणारा प्रोसेसर चढवला. मग नवा माइक घेतला. तीन महिने आणि बऱ्यापैकी पैसे गेल्यावर कळलं की रिग ठीक होती आणि जुना माइकही ठीक होता. कोथरूडच्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली, गुळगुळीत टाइल्स, लोखंडी कपाट, काचेची खिडकी, आणि हातभर लांब स्टँडवर ठेवलेला माइक. माझ्यापेक्षा खोलीच जास्त बोलत होती.

म्हणून इथे तोंडापासून सुरुवात करून अँटेनाकडे जाऊ. एका पायरीवरचा दोष पुढच्या पायरीवर झाकायला गेलं की एकाचे दोन होतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर आवाज सुधारला तरी तो कशाने सुधारला हे कळत नाही.

आधी स्वतःला ऐका

आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतून ऐकू येतो, त्यामुळे तो आपल्याला नेहमीच भरदार वाटतो. रेकॉर्डिंग ऐकलं की पहिल्यांदा सगळ्यांनाच कसंतरी होतं. ते सहन करायचं. रेकॉर्डिंगशिवाय हे काम होत नाही.

सगळ्यात सोपी सोय म्हणजे रिगमधला मॉनिटर. हेडफोन लावा, मॉनिटर चालू करा आणि बोला. मात्र तो बहुतेक रिग्जमध्ये फायनलच्या (शेवटच्या पॉवर अँप्लिफायरच्या) आधीचाच आवाज ऐकवतो. पुढे होणारी गडबड, म्हणजे पॉवर सप्लाय दमणं किंवा आरएफ (आपल्याच रेडिओ लहरी) माइकमध्ये शिरणं, त्यात कळेलच असं नाही.

दुसरी सोय म्हणजे आपलाच दुसरा रिसीव्हर. रिगला अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर गिळून टाकणारा रोध) लावा, रिसीव्हरची अँटेना काढून टाका आणि तो शेजारच्या खोलीत ठेवा. इतक्या जवळ तो सहज ओव्हरलोड होतो आणि मग नसलेले दोषही ऐकू येतात, म्हणून रिगची पॉवर कमी ठेवा.

तिसरी आणि सर्वांत खरी सोय म्हणजे शंभर-दोनशे किलोमीटरवरचा मित्र, जो तुमची दोन मिनिटं रेकॉर्ड करून पाठवेल. पुण्यातून दुपारी फोर्टी मीटरवर सातारा, कोल्हापूर, नगर सहसा आरामात मिळतं. मित्र नसेल तर इंटरनेटवरचे रिसीव्हर आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर २००८ मध्ये सुरू झाला आणि जगभर ठिकठिकाणी किवीएसडीआरही आहेत. फक्त भर दुपारी सात मेगाहर्ट्झवर युरोपात पोचायची अपेक्षा धरू नका. त्यासाठी रात्र लागते किंवा वीस मीटरची पट्टी. बोलताना संगणकाचा आवाज बंद ठेवा. काही क्षण उशिरा येणारा आपलाच आवाज कानावर पडला की भलेभले अडखळतात.

बोलायचं काय? ‘हॅलो टेस्ट, वन टू थ्री’ कामाचं नाही. मी दर वेळी तोच मजकूर वाचते: ‘कच्चा पापड, पक्का पापड’, ‘चटईला टाचणी टोचली’, मग ‘सात, साठ, सहा, दहा’, आणि शेवटी रोजच्या बोलण्यातली दोन-चार वाक्यं. पापडातला ‘प’ माइकवर फुंकर बसतेय का ते दाखवतो. टाचणीतले ‘च’ आणि ‘ट’ वरच्या पट्टीचा हिशोब देतात. सात-साठची जोडी तर आपल्या भाषेतली खास परीक्षा आहे. एसएसबीवर, म्हणजे या पट्ट्यांवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, आपण साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढीच पट्टी पाठवतो. शब्दाचं वजन स्वरांत असतं आणि ते खालच्या पट्टीत येतं. शब्द कोणता हे ठरवणारी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. ‘स’चा सीत्कार तर बहुतेक ४ किलोहर्ट्झच्या वरच असतो, म्हणजे तो फिल्टरबाहेरच गेला. जे उरतं त्यात ‘त’ आणि ‘ठ’ वेगळे ऐकू आले, तर समजा तुमचा ऑडिओ पास झाला.

टेस्ट शक्य तितकी डमी लोडवर करा. हवेत करायचीच असेल तर आधी फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का विचारा, कॉलसाइन (परवान्यावरचं आपलं रेडिओ-नाव) सांगा आणि थोडक्यात आटपा.

खोली

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा भाग फुकटात होतो आणि त्याकडे कुणी बघतच नाही.

खोलीत मध्यभागी उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे ‘टिंग’ किंवा ‘झ्यँ’ असं शेपूट ऐकू आलं, तर तेच शेपूट तुमच्या प्रत्येक शब्दाला लागतं. समोर बसलेल्या माणसाला ते जाणवत नाही, कारण दोन कानांनी ऐकताना मेंदू ते गाळून टाकतो. माइकला कान एकच, आणि मेंदू नाही. पलीकडच्याला सगळं एकत्र मिसळून मिळतं. तोच तो रांजण.

माइकच्या पाठीमागे फोम लावण्याची चूक मी केली. हाताशी असतात ते बरेचसे माइक समोरून जास्त ऐकतात आणि पाठीमागून कमी. त्यांचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडेही असतं. तेव्हा मऊ वस्तू हवी ती तुमच्या पाठीमागे. मी खुर्चीमागे कपडे वाळत घालायचा स्टँड उभा करून त्यावर आजीची जाड गोधडी टाकली, टेबलावर सतरंजीची घडी अंथरली आणि खिडकीचा पडदा ओढला. पुढची टाळी ‘ठप्’ अशी वाजली. ज्यांच्या खोलीत कपड्यांचं कपाट आहे त्यांनी कपाटाकडे पाठ करून बसावं आणि बोलताना त्याची दारं उघडी ठेवावीत. एवढंसं काम, पण फरक ऐकण्यासारखा पडतो.

मग पार्श्वभूमीचा आवाज. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) बसा असं मी कुणाला सांगणार नाही. पण पंख्याचा वारा थेट माइकवर येणार नाही अशी जागा निवडता येते. पॉवर सप्लायचा आणि संगणकाचा पंखा टेबलाखाली गेला तरी पुष्कळ. कुकर, मिक्सर आणि खालच्या चौकातले हॉर्न यांचं काय करायचं, ते पुढे अंतराच्या हिशोबात येतंच.

माइक: कोणता यापेक्षा किती जवळ

माइकपासूनचं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज त्यावर सुमारे ६ डीबीने (डेसिबलने) जास्त पडतो, आणि खोलीचा गोंगाट होता तेवढाच राहतो. मग गेन तितका खाली आणायचा, म्हणजे गोंगाट ६ डीबीने खाली जातो. हातभरावरून वीतभरावर आणि वीतभरावरून चार बोटांवर असं दोनदा निम्म्याहून खाली आलात, तर १२ डीबीच्या वर फायदा झाला. कुठलाही महागडा माइक हे करून देत नाही.

चार बोटं, म्हणजे साधारण ७-८ सेंटिमीटर, हे माझं आवडतं अंतर. हँडमाइक असेल तर गालाच्या कडेला दोन-तीन बोटांवर धरा आणि माइकच्या तोंडावरून, थोडं तिरपं बोला. समोरून बोललं की ‘प’, ‘फ’, ‘भ’, ‘थ’ या अक्षरांची फुंकर सरळ माइकच्या आतल्या पडद्यावर बसते. मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर, त्यामुळे ‘भाऊ, फार थंडी आहे’ एवढं बोललं तरी तीन धक्के बसतात. स्पंजची टोपी मदत करते, पण पावसाळ्यात ती दमट राहते आणि बुरशी धरते. दोन-तीन महिन्यांनी धुऊन कडकडीत वाळवा किंवा बदला.

अगदी ओठांना लावून बोलायचा मोह टाळा. एका दिशेने ऐकणारे माइक फार जवळून खालचे सूर फुगवतात. रेडिओ जॉकीला तो घुमार हवा असतो. आपल्याला त्याचा उपयोग नाही, कारण त्यातलं बरंचसं फिल्टरमध्ये अडकतं आणि उरलेलं नुसतं पॉवर खातं.

माइकच्या प्रकाराबद्दल थोडक्यात सांगते. रिगसोबत आलेला हँडमाइक नीट वापरला तर पुरतो. वेगळा माइक जोडायचा असेल तर तो डायनॅमिक आहे की इलेक्ट्रेट हे आधी बघा. इलेक्ट्रेटला चालायला थोडं व्होल्टेज लागतं. डायनॅमिकला ते लागत नाही, आणि दिलं तर त्याचा आवाज बिघडतो. आयकॉम कंपनीच्या रिगच्या आठ पिनांच्या सॉकेटवर माइकच्या पिनवरच व्होल्टेज येतं. तिथे डायनॅमिक माइक लावताना मध्ये एक कपॅसिटर घालून डीसी अडवावी लागते. यासूची जुळणी वेगळी, केनवूडची आणखी वेगळी. कनेक्टर दिसायला एकसारखा म्हणून पिना एकसारख्या नसतात. मॅन्युअलमधली आकृती समोर ठेवून सोल्डरिंग करा, आणि माइकची ग्राउंड व पीटीटीची (बोलताना दाबायच्या बटणाची) ग्राउंड आकृतीत वेगळ्या दाखवल्या असतील तर वेगळ्याच ठेवा.

हौस असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रेट कॅप्सूल चहा-वडापावच्या पैशात मिळते. एका रिकाम्या पेनाच्या नळीत ती बसवून, शिल्डेड वायर लावून मी केलेला माइक अजून चालतो. पाहुण्यांसमोर तो ड्रॉवरमध्ये ठेवते, ते वेगळं.

माइक गेन आणि एएलसी: सगळ्यात जास्त चुका इथे

शंभर वॉटची रिग. पीटीटी दाबून बोललं की मीटर तीस-चाळीसवर नाचतो. नव्या हॅमला वाटतं, शंभरातले साठ वॉट गेले कुठे? मग तो काटा शंभरला टेकेपर्यंत माइक गेन वाढवतो. बिघाडाची सुरुवात इथून होते.

एसएसबीमध्ये पॉवर आवाजाबरोबर वर-खाली होते. शब्दांची शिखरं शंभराला स्पर्श करत असली तरी साधा मीटर सरासरीच्या आसपास दाखवतो. तीस-चाळीस दिसणं ही तब्येत उत्तम असल्याची खूण आहे. सरासरीच शंभराला नेली तर शिखरं कुठे जाणार? ती वरून सपाट कापली जातात. कापलेल्या शिखरांतून जे नवे सूर जन्मतात ते तुमच्या २.७ किलोहर्ट्झच्या हद्दीत राहत नाहीत. शेजारच्या क्यूएसओत (संवादात) ‘खर्र खर्र’ करत घुसतात. आपल्याला भारतात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे. तिथे सकाळी आठला शेजाऱ्याच्या अंगणात सांडणं बरं दिसत नाही.

एएलसी हा पॉवर मर्यादेत ठेवणारा पहारेकरी. त्याला अधूनमधून काम पडलं तर चालतं. सतत पडलं तर आवाज आखडतो आणि दबका येतो. गेन असा लावा:

१. रिगला डमी लोड लावा. प्रोसेसर बंद, इक्वलायझर सपाट. पॉवर जितकी रोज वापरता तितकीच ठेवा. बऱ्याच रिग्जमध्ये पॉवर कमी करण्याचं कामही एएलसीच करतो, म्हणून शंभर वॉटवर लावलेला गेन वीस वॉटवर बरोबर राहीलच असं नाही.

२. मीटर एएलसीवर आणा आणि माइक गेन शून्यावर.

३. माइक ठरलेल्या अंतरावर धरून नेहमीच्या आवाजात बोला. ‘टेस्टिंगचा आवाज’ आणि डीएक्स (दूरदेशीचं स्टेशन) लागल्यावरचा आवाज यांत फार फरक असतो. दोन्ही काढून बघा आणि मोठा असेल त्याप्रमाणे चाला.

४. गेन हळूहळू वाढवा. जोरकस शब्दांवर मीटर नुकता हलायला लागला की थांबा. रिगवर एएलसीचा पट्टा आखलेला असेल तर शिखरं त्याच्या निम्म्याच्या आत ठेवा, पट्टा संपेपर्यंत नेऊ नका.

५. पीटीटी दाबून ठेवून गप्प बसा. आउटपुट मीटर शून्यावर पडला पाहिजे. न बोलताही काटा हलत असेल तर रिग तुमचा पंखा प्रसारित करतेय. गेन कमी करा आणि माइक जवळ घ्या.

पाचवी पायरी बरेच जण गाळतात. माझ्या मते तीच सगळ्यात जास्त शिकवते.

ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप आहे त्यांनी दोन सुरांची चाचणी करून बघावी. ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन सूर सारख्या पातळीवर माइक इनपुटला देतात आणि डमी लोडवर दिसणाऱ्या आकृतीची टोकं गोल आहेत की इस्त्री केल्यासारखी सपाट, ते पाहतात. गेन वाढवत नेला की एका क्षणी टोकं सपाट होताना डोळ्यांना दिसतात. एकदा ते पाहिलं की गेनच्या नॉबकडे हात आपोआप जपून जातो.

फिल्टर आणि इक्वलायझर

इथवर सगळं नीट झालं असेल तर इक्वलायझरचं काम मिठाएवढं उरतं.

आधी ट्रान्समिट बँडविड्थ. आयकॉमच्या आयसी-७३०० मध्ये कंपनीने तीन पर्याय दिलेत: वाइड म्हणजे १०० ते २९००, मिड म्हणजे ३०० ते २७०० आणि नॅरो म्हणजे ५०० ते २५०० हर्ट्झ. निवांत गप्पांना वाइड छान वाटतं. गोंगाटातून डीएक्स गाठायचं असेल तर मिड किंवा नॅरो, कारण मग तीच पॉवर कमी पट्टीत आणि कामाच्या सुरांवर खर्च होते.

बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो तो ‘बेस कमी, ट्रेबल जास्त’. पुरुषी, खर्जातल्या आवाजाला तो बऱ्यापैकी लागू पडतो: २०० हर्ट्झच्या खाली कापायचं, ३०० ते ५०० मध्ये दोन-तीन डीबी उतरवायचं आणि २००० ते २५०० च्या आसपास तीन ते सहा डीबी चढवायचं. बँडवर बहुतेक ओएमच (पुरुष हॅम) असल्याने हाच सल्ला सरसकट फिरतो. पण बाईच्या आवाजाचा मूळ सूरच साधारण १६५ ते २५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. त्याला ३०० ची कात्री लावून वर ट्रेबल चढवला की आवाज कानाला टोचतो. माझा पत्र्याचा डबा झाला तो असा. आता मी खालची हद्द १०० वर ठेवते, वरचा सूर जेमतेम दोन डीबीने चढवते आणि बाकी काही करत नाही. एखाद्या वायएलला (बाई हॅमला) ‘आवाज किरकिरा येतो’ असा रिपोर्ट मिळाला तर तिने आधी इक्वलायझर सपाट करून बघावा.

नियम म्हणून धरायचाच असेल तर एवढा धरा: आधी नको ते कापा, मग हवं ते वाढवा. वाढवलेली प्रत्येक डीबी एएलसीवर जाऊन आदळते. त्यामुळे इक्वलायझरला हात लावल्यावर वरच्या पाच पायऱ्या पुन्हा करायच्या. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

यासूच्या बऱ्याच रिग्जमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे प्रोसेसर बंद असतानाचा इक्वलायझर वेगळा आणि चालू असतानाचा वेगळा असतो. तासभर मेन्यूत आकडे बदलूनही आवाज ढिम्म राहिला, तर तुम्ही बहुधा भलत्याच इक्वलायझरशी खेळताय.

प्रोसेसर

बोलण्यात शिखरं उंच आणि बाकी सगळं खाली असतं. प्रोसेसर ही दरी कमी करतो, म्हणजे त्याच कमाल पॉवरमध्ये सरासरी जास्त जाते. कमकुवत सिग्नलला हे खरोखर उपयोगी पडतं. पॉवर दुप्पट केली तर हाती ३ डीबी लागतात, म्हणजे एस-मीटरवर अर्धा आकडा. नीट लावलेला प्रोसेसर एक पैसा न घालता जवळजवळ तेवढंच काम करतो.

पण तो आवाज आणि गोंगाट यांत भेद करत नाही. १० डीबी कॉम्प्रेशन म्हणजे दोन शब्दांच्या मधल्या शांततेत पंखा, कुकर आणि शेजारच्यांचा टीव्ही १० डीबीने वर. खोलीचा घुमाराही तसाच वर येतो, आणि मी रांजण आणखी खोल केला तो इथे. रोजच्या स्थानिक क्यूएसओला प्रोसेसर बंद किंवा तीन-चार डीबी. डीएक्सला शिखरांवर सहा ते आठ. दहाच्या पुढे मी जात नाही. चालू-बंद दोन्ही रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा; आपल्याला स्वतःला नेहमी मोठा आवाजच चांगला वाटतो.

आवाज तोंडात ठीक, हवेत खराब

मॉनिटरवर सगळं स्वच्छ आणि मित्राच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र फाटलेलं, असं झालं तर माइकची बाजू सोडा. दोनच संशयित उरतात.

पहिला पॉवर सप्लाय. १०० वॉटची रिग शिखरावर सुमारे २० अँपिअर ओढते. वायर, फ्यूज होल्डर आणि लग यांचा मिळून नुसता ०.०५ ओहम रोध असला तरी २० अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच जातो. मल्टिमीटर सप्लायला नव्हे, रिगच्या मागच्या टर्मिनलला लावा आणि लांब ‘आऽऽऽ’ करा. १३.८ चे १३.३ झाले तर हरकत नाही. १२ च्या खाली डुबकी मारत असेल तर कारण सापडलं. माझ्याकडे फ्यूज होल्डरची एक पाकळी काळी पडली होती. बोटाला गरम लागली म्हणून कळलं.

दुसरा संशयित म्हणजे आरएफ. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं: अँटेना सोसायटीच्या गच्चीवर, शॅक तिसऱ्या मजल्यावर, आणि अर्थिंग म्हणजे भिंतीतल्या सॉकेटचं जे असेल ते. विशेषतः एंड-फेड (एका टोकालाच केबल जोडलेली) वायर असली की कोअॅक्स केबलच्या बाहेरच्या अंगावरून आरएफ घरात उतरतो, माइकच्या वायरवर चढतो आणि तुमच्याच आवाजात परत मिसळतो. लक्षणं ओळखू येतात: एका बँडवर आवाज ठीक, दुसऱ्यावर गुरगुरणारा, हळू बोललं तर ठीक, जोरात बोललं की चिरफाड, माइकची बॉडी हाताने घट्ट धरली की फरक.

निदान दोन मिनिटांत होतं. डमी लोड लावा. दोष गेला तर आरएफच. पॉवर १० वॉटवर आणून बघा. दोष गेला तर आरएफ किंवा पॉवर सप्लाय. आरएफ ठरला तर अँटेनाच्या फीड पॉइंटला (केबल जोडतात तिथे) चोक, म्हणजे आरएफ अडवणारी गुंडाळी, कोअॅक्स घरात शिरते तिथे दुसरा चोक, आणि माइकच्या वायरवर फेराइटची रिंग. एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झसाठी) ३१ नंबरच्या मिश्रणाची रिंग उत्तम. त्यातून कोअॅक्सचे आठ-दहा वेढे घ्या. जुन्या बाजारात संगणकाच्या पॉवर सप्लायमधून काढलेल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगा ढिगाने दिसतात आणि विकणारा ‘सेम टु सेम’ म्हणून हातात ठेवतो. त्या लोहचूर्णाच्या असतात, या कामाला निरुपयोगी. मी चार घेतल्या होत्या. आता पेपरवेट आहेत.

आवाजाखाली सतत ‘हूं’ असा गुणगुणाट येत असेल तर तो आरएफ नव्हे, ५० किंवा १०० हर्ट्झचा मेन्सचा हम. संगणक रिगला ऑडिओ केबलने जोडलेला असेल तर ती केबल उपटून बघा. हम गेला तर मध्ये १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला.

हँडी आणि घरी जोडलेली रिग

टू मीटरच्या एफएमवर, म्हणजे जवळच्या गप्पांच्या पट्टीवर, नियम बदलतात. तिथे ओरडून काहीच मिळत नाही. लिमिटर आवाज कापतो आणि पलीकडे खरखर पोचते. हँडी (हातात धरायचा सेट) तोंडापासून चार बोटांवर, तिरपी, आणि आवाज घरातल्या घरात बोलतो तेवढा. सिंहगडावर वाऱ्यात उभे असाल तर वाऱ्याकडे पाठ करा आणि माइकच्या भोकाला तळव्याचा आडोसा द्या. ‘सिग्नल फुल, पण आवाज बारीक’ असा रिपोर्ट आला तर आधी मेन्यूत नॅरो-वाइड बघा. रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारं मधलं स्टेशन) वाइडवर आणि तुमची हँडी नॅरोवर असली की आवाज निम्मा पडतो. स्वस्त हँडीत माइकचं भोकही कधी कधी रबराने किंवा स्टिकरने अर्धवट झाकलेलं असतं.

हैदराबादच्या अशर फरहान यांचं बिटएक्स किंवा तत्सम रिग स्वतः जोडली असेल तर वरचं सगळं करूनही आवाज एकतर घोगरा किंवा पिचका राहू शकतो. तेव्हा बीएफओ, म्हणजे रिगमधला कॅरिअर तयार करणारा ऑसिलेटर, तपासा. क्रिस्टल फिल्टरच्या उतारावर बीएफओ कुठे बसलाय, त्यावर कुठले सूर बाहेर जाणार हे ठरतं. कडेच्या फार आत गेला तर खालचे सूर आणि कॅरिअर बाहेर झिरपतात, फार लांब गेला तर नुसता पिचका आवाज उरतो. सोय अशी की अशा रिगमध्ये ट्रान्समिट आणि रिसीव्हला तोच बीएफओ असतो. अँटेना लावून रिकाम्या फ्रिक्वेन्सीवरची सरसर ऐका. ती ना घुमणारी, ना सापासारखी फुत्कारणारी, मधली वाटेल तिथे ठेवा. मग कुणाचा तरी आवाज ऐकून अगदी थोडं मागे-पुढे करा.

रिपोर्ट मागताना

‘ऑडिओ कसा आहे?’ असं विचारलंत तर ‘छान’ हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी दोन सेटिंग्ज घ्या, एकाला ‘अ’ म्हणा, दुसऱ्याला ‘ब’, दोन्हींवर तोच मजकूर बोला आणि कुठलं जास्त नीट कळलं एवढंच विचारा. काय बदललंय ते सांगू नका. प्रोसेसर चालू केलाय म्हटलं की लोकांना तो ऐकू यायला लागतो. तीन वेगवेगळ्या लोकांनी तेच उत्तर दिलं तर ते धरा. तारीख, बँड, पॉवर, गेन, इक्वलायझर आणि प्रोसेसरचे आकडे वहीत लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी रिगचा रिसेट होणारच आहे.

ही वही भरल्यावर मागच्या रविवारी पुन्हा सातारच्या काकांना गाठलं. प्रोसेसर सहावर होता. दोन मिनिटं बोलले, सात-साठ झालं, पापड झाला, आणि ओव्हर दिला.

“रांजण गेला,” काका म्हणाले. “शब्दन् शब्द कळतोय. आणि हे बघ, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्यात, आधी गॅस बंद करून ये.”

गॅस बंद केला. परत आल्यावर प्रोसेसर सहावरून चारवर आणला.